टकलाचा सातवा मसुदा

टक्कल हा विषय मी निवडला तो केवळ त्याने कुणाचं मन दुखावणार नाही म्हणून. टक्कल पडलेल्या माणसांची संघटना नसते, त्यांचा झेंडा नसतो. ते मोर्चा काढत नाहीत, आणि काढलाच तर उन्हाचा विचार करून टोप्या घालून काढतील, म्हणजे मोर्चा कशाचा ते बघणाऱ्याला कळणार नाही. आमच्या दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमाला त्या वेळी नेमका असा विषय हवा होता. आदल्या महिन्यात एका प्रहसनात बंद पडलेली लिफ्ट दाखवली म्हणून लिफ्ट बनवणाऱ्यांचं पत्र आलं होतं, आणि त्याच्या आदल्या महिन्यात सासू दाखवली म्हणून वाहिनीच्या एका संचालकांच्या सासूबाईंचा फोन. दोन्ही प्रहसनं कापली गेली आणि ती कापल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. कार्यक्रमाच्या निर्मात्या, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणायचो, त्यांनी मला बोलावून सांगितलं की या वेळी असं काहीतरी लिहा की ते पाहून हे आपल्याबद्दल आहे असं कुणालाही वाटू नये. विनोदी लेखकाला असं सांगणं म्हणजे फोडणी द्या पण वास येऊ देऊ नका असं सांगणं. पण मी मान डोलावली. मान डोलावण्याच्या बाबतीत मी आमच्या कार्यक्रमात सर्वांत अनुभवी होतो.

प्रहसन चार पानांचं होतं. डोक्यावर एकही केस नसलेला एक म्हातारा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी केस कापायला सलूनमध्ये येतो. खुर्चीत बसतो आणि सलूनवाल्याला बजावतो, "मागून बारीक, बाजूने मध्यम, पुढचे मात्र असू द्या." सलूनवालाही मुरलेला. तो अंगावर पांढरं कापड टाकतो, पाणी फवारतो, कंगवा फिरवतो आणि हवेत कात्री चालवत राहतो. दोघं बोलत असतात. म्हाताऱ्याची बायको गेली आहे, मुलगा परगावी आहे, डावा गुडघा दुखतो आहे, हे सगळं त्या कात्रीच्या आवाजात आपल्याला कळत जातं. शेवटी सलूनवाला मागे छोटा आरसा धरतो. म्हातारा डावीकडून बघतो, उजवीकडून बघतो आणि जरा नाराजीने म्हणतो, "या वेळी जरा जास्तच कापलंत." संपलं.

हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती हसली नाही. ती "बिचारा" म्हणाली. माझ्या पंधरा वर्षांच्या विनोदी लेखनाला तिच्याकडून मिळालेला हा सर्वांत मोठा अभिप्राय होता.

म्हाताऱ्याचं काम मास्तर करणार होते. मास्तर म्हणजे काही खरे शाळामास्तर नव्हेत. चाळीस वर्षं त्यांनी रंगमंचावर आणि पडद्यावर इतक्या वेळा शाळामास्तर रंगवला होता की रस्त्यात त्यांना बघून मोठमोठी माणसं हातातली सिगारेट पाठीमागे लपवत. डोकं गुळगुळीत, आणि चेहरा असा की नुसतं "बसा" म्हणाले तरी समोरचा हसायच्या तयारीने बसे. गेली सहा वर्षं मात्र त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनीच काम सोडलं असावं असा बाईंचा समज होता. खरं कारण मला त्यांच्या मुलीने सांगितलं आणि ते कुणालाही सांगणार नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मास्तर विसरायला लागले होते.

अगदी सगळंच विसरत नव्हते. कालचं जेवण विसरायचे, दाराला कुलूप लावल्याचं विसरायचे, मधूनच एखाद्या ओळखीच्या माणसाकडे सभ्यपणे बघत राहायचे. हे वाढत जाणार असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण पाठ केलेलं एकदा बसलं की ते पक्कं बसायचं, फक्त बसायला वेळ लागायचा. मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. तिने माझी चार पानं मोठमोठ्या अक्षरांत लिहून घरभर चिकटवली. प्रत्येक कागदावर वरची ओळ मोठी आणि खालच्या लहान लहान होत गेलेल्या, कारण तिच्या हाताला तीच सवय. स्वयंपाकघरात प्रवेश आणि नमस्कार, बाल्कनीच्या दारावर गुडघेदुखी, आणि "जास्तच कापलंत" न्हाणीघरातल्या आरशाच्या कडेला. अकरा दिवसांत काम चोख पाठ झालं. बाराव्या दिवशी मास्तरांनी ते मला खुर्चीत बसून करून दाखवलं, आणि मी, ज्याने ते लिहिलं होतं तो, हसून हसून खोकायला लागलो. मुलगी दारात उभी राहून डोळे पुसत होती. मला वाटलं तीही हसते आहे. माझी माणसांची पारख ही अशी.

त्याच दुपारी वाहिनीतून बोलावणं आलं.

वाहिनीत आशय-परीक्षण नावाचा विभाग असतो. त्याचे अधिकारी चाळिशीतले, अत्यंत सभ्य गृहस्थ होते. आम्ही त्यांना 'आशयवाले' म्हणायचो. त्यांच्याबद्दल वाईट बोलता येत नाही हीच त्यांची वाईट गोष्ट होती. आवाज चढवणं नाही, टेबलावर हात आपटणं नाही, आल्यागेल्याला चहा विचारणं कधी चुकलं नाही. "मला स्वतःला हे फार आवडलं" अशी त्यांची सुरुवात असायची, आणि हे वाक्य कानावर पडलं की आमच्यातली अनुभवी माणसं खुर्चीचा हात घट्ट धरायची.

टक्कल त्यांना स्वतःला फार आवडलं होतं. फक्त एक बारीक मुद्दा होता. ज्या मंत्र्यांच्या खात्याकडे वाहिन्यांचे परवाने असतात, ते मागच्या आठवड्यात एका इमारतीच्या उद्‌घाटनाला गेले होते. कुणीतरी गच्चीवरून त्यांचं छायाचित्र काढलं. त्यात मंत्री असे दिसतच नव्हते, निव्वळ टक्कल दिसत होतं, आणि त्या टकलासमोर वाकलेली बाकीची माणसं. ते छायाचित्र घरोघरच्या मोबाईलवर पोचलं होतं. आमचा परवाना त्याच महिन्यात नूतनीकरणाला गेला होता. तुमच्या मनात तसं काही नाही हे मला ठाऊक आहे, आशयवाले म्हणाले, पण टक्कल आता पूर्वीइतकं निरागस राहिलेलं नाही.

मी सांगितलं की मास्तरांना टक्कल मुळातच आहे, मंत्र्यांचं बघून त्यांनी ते पाडून घेतलेलं नाही. त्यांनी हे लिहून घेतलं. मग माझ्यासाठी आणखी एक चहा मागवला आणि विचारलं, विग चालेल का.

मी मान डोलावली. घरी येऊन विचार केला तेव्हा विगमध्येही गंमत दिसायला लागली. विग लावलेला म्हातारा केस कापायला येतो, आणि हे केस पुन्हा उगवणार नाहीत या काळजीने सलूनवाल्याची कात्री चालत नाही. दोन दिवसांत मी ते लिहून दिलं. खरं सांगायचं तर मनातून मी स्वतःवर खूश होतो. चार दिवस वाहिनीत कुणी माझ्याशी बोललं नाही. पाचव्या दिवशी बाईंनी मला जिन्याखाली नेऊन सांगितलं की वाहिनीचे अध्यक्ष विग लावतात. ही गोष्ट इमारतीत सगळ्यांना माहीत होती, आणि म्हणूनच ती मला कुणी सांगितली नव्हती.

तिसऱ्या मसुद्यात टोपी आली. टोपी कुठल्या रंगाची यावर एक संपूर्ण दुपार गेली. एकेक रंग निघत गेला आणि तो कुठल्या ना कुठल्या पक्षाचा, पंथाचा किंवा कंपनीचा निघाला. पांढरीही नको आणि काळीही नको असं ठरल्यावर मी चौकटीची सुचवली. आशयवाल्यांनी शांतपणे विचारलं, त्यातले दोन रंग कोणते. चौथ्या मसुद्यात टोपीच्या जागी पट्टी बांधली, तर पट्टी म्हटली की कुणीतरी मारलं, कुणीतरी मारलं म्हटलं की पोलीस कुठे होते हा प्रश्न येतो. पाचव्या मसुद्यात आम्ही टॉवेलवर आलो. म्हातारा डोक्याला गरम पाण्याचा टॉवेल गुंडाळून बसलेला असतो आणि तो शेवटपर्यंत काढत नाही. टॉवेलवर कुणाचाच दावा नव्हता. आशयवाल्यांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मग म्हणाले, आता फक्त 'कापणे' हा शब्द.

वाहिनीने नुकतीच माणसं कमी केली होती. त्यामुळे कापणे, छाटणे आणि 'जागा रिकामी' हे शब्द काही दिवस वापरायचे नव्हते. सलूनमध्ये हे तिन्ही लागतात.

प्रत्येक बदलाबरोबर एक छापील कागद असायचा, त्याचं नाव 'स्वेच्छा-बदल पत्रक'. लेखकाने आपल्या मर्जीने बदल केला असं त्यावर तीन प्रतींत सही करून द्यायचं. हे मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त वकिलांना दाखवलं. वकीलसाहेब निवृत्त झाल्यापासून इमारतीत कुणीही कशावरही सही केली की त्यांना तिची बातमी लागते. त्यांनी पत्रक दोन वेळा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, तुम्ही त्यांच्याकडून हरकती लेखी मागा, मग बघा कशी पळापळ होते. मी लेखी मागितल्या. पळापळ झाली नाही. तिसऱ्या दिवशी लेखी उत्तर आलं की, आपण स्वेच्छेने करीत असलेल्या बदलांबद्दल वाहिनी आपली आभारी आहे. वकीलसाहेब म्हणाले, मसुदा पक्का आहे, लिहिणारा हुशार दिसतो. आणि त्यांनी कार्यक्रमाचे दोन पास मागितले.

हे सगळं विनोदी वाटत असेल तर त्याला कारण एवढंच की हे मी आता सांगतो आहे. त्या दिवसांत मी दर दोन-तीन दिवसांनी नवे कागद घेऊन मास्तरांच्या घराचे तीन जिने चढत होतो. दार मुलगी उघडायची. माझ्या हातात काय आहे ते बघायची आणि विचारायची, "हे शेवटचं ना?" मी म्हणायचो, हो, हे शेवटचं. मग ती जुने कागद एकेक करून काढायची आणि नवे लावायची. घाईत काढताना भिंतीचा रंगही निघून यायचा. न्हाणीघरातल्या आरशावरचा कागद मात्र वाफेने असा चिकटला होता की निघायला तयार नव्हता, म्हणून तिने तो तसाच ठेवला. मास्तर तक्रार करत नसत. नव्या नाटकाच्या तालमीला बसावं तसे नीट बसायचे आणि बोटाने ओळ धरून वाचायचे. पण चौथ्या मसुद्यापासून गोंधळ व्हायला लागला. स्वयंपाकघरात टोपी घालायचे, बाल्कनीत विग काढायचे. एकदा मधेच थांबून त्यांनी मला विचारलं की हा माणूस सलूनमध्ये येतो कशाला. ते तोवर मलाही माहीत राहिलं नव्हतं.

सहाव्या मसुद्यात गुडघा गेला, कारण सरकारी दवाखान्याकडे बोट जाऊ शकतं. परगावी गेलेला मुलगा परत आला, नाहीतर तरुणांना इथे काम नाही असा अर्थ निघतो. सातव्यात मेलेली बायको जिवंत झाली. एवढं एक मला बरं वाटलं. सातवा मसुदा मंजूर झाला. त्यात डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक सुखी म्हातारा सलूनमध्ये येतो. सलूनवाला नमस्कार करतो. सलून स्वच्छ आहे, असं म्हातारा म्हणतो. घरची मंडळी मजेत आहेत ना, असं सलूनवाला विचारतो. मजेत आहेत. शेवटी म्हातारा आरशात बघून म्हणतो, "समाधान वाटलं." त्यावर हशा पिकवायची जबाबदारी मास्तरांची.

मी बाईंना हळूच सुचवून पाहिलं की मास्तरांना आता मोकळं करू या, काम अगदीच किरकोळ झालं आहे. बाई म्हणाल्या, वेडे आहात का, आता फक्त तेच वाचवू शकतील. त्यांना खरं कारण सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण मी मुलीला शब्द दिला होता, आणि खोटं कशाला बोलू, मलाही मास्तर हवेच होते.

चित्रीकरण दुपारी तीनला होतं, समोर दोनशे माणसं. दारात सगळ्यांचे मोबाईल जमा करून घेतले जात होते. वकीलसाहेब पहिल्या रांगेत सपत्नीक बसले होते. रंगपटात मास्तरांनी मला सातवा मसुदा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत बिनचूक म्हणून दाखवला. मुलगी दुकानातून सुट्टी घेऊन आली होती. तिने टॉवेल नीट गुंडाळून दिला, त्यांच्या खांद्यावरचं काहीतरी झटकलं. आशयवाले एका बाजूला मंजूर प्रत हातात घेऊन उभे होते, हसतमुख.

दिवे लागले. मास्तर आत आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी समोर पाहिलं. समोर सलूनचा आरसा होता. त्या आरशात ते बराच वेळ बघत राहिले. इतका वेळ की मागे कुणीतरी खाकरलं. मग त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढला, त्याची व्यवस्थित घडी घातली, ती मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मागून बारीक, बाजूने मध्यम, पुढचे मात्र असू द्या."

सलूनवाल्याचं काम करणारा नट तरुण होता, बायकामुलं असलेला. तो क्षणभर आशयवाल्यांकडे बघत राहिला. मग त्याने कात्री उचलली. त्याला पहिला मसुदा आठवत होता. त्या एका गोष्टीसाठी मी त्याला अजून मानतो.

पुढची सहा मिनिटं मी पुन्हा सांगू शकत नाही. लोक हसत होते, आणि मधूनच गप्प होत होते, मेलेल्या बायकोपाशी, गुडघ्यापाशी, आणि पुन्हा हसत होते. आशयवाल्यांच्या हातातले कागद हळूहळू खाली गेले. मी त्यांच्याकडे पाहिलं तर तेही हसत होते. शेवटी मागे आरसा धरला गेला. मास्तरांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि नाराजीने म्हणाले, "या वेळी जरा जास्तच कापलंत."

दोनशे माणसं उठून उभी राहिली. टाळ्या का थांबत नाहीत ते मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. आमच्या कार्यक्रमात काटछाट होते हे सगळ्यांनी वाचलेलं होतं, आणि हे वाक्य मास्तर वाहिनीला सुनावताहेत असंच त्यांना वाटलं होतं. शपथेवर सांगतो, मी ते लिहिलं तेव्हा माझ्या मनात फक्त केस होते.

मास्तर घामाने भिजून बाहेर आले. रंगपटाच्या दाराशी मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "बरोबर झालं ना? टॉवेलचं जमलं?"

मी म्हटलं, जमलं. मुलगी खाली बघत होती.

वाहिनीने चित्रफीत त्याच संध्याकाळी कपाटात बंद केली. प्रकरण तिथेच मिटलं असतं, मास्तरांना एखादं पत्र गेलं असतं आणि सगळे विसरले असते. पण वकीलसाहेबांनी दारात एक मोबाईल जमा केला होता आणि दुसरा शालीत ठेवला होता. नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं की नियमात 'मोबाईल जमा करावा' असं एकवचन आहे. घरी पोचल्यावर त्यांनी ते चित्रण इमारतीच्या गटावर टाकलं आणि खाली लिहिलं, 'आपल्या इमारतीतील लेखकाचे धाडस.' दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तर दुकानदाराने मला हात जोडले. दुपारपर्यंत ते सगळीकडे झालं होतं. मास्तरांचं छायाचित्र पहिल्या पानावर, मांडीवर टॉवेल. अग्रलेखात त्यांच्या ताठ कण्याबद्दल लिहून आलं. सलून चालवणाऱ्यांच्या मंडळाने त्यांना आजन्म मोफत सेवा जाहीर केली, ती त्यांच्या काही उपयोगाची नव्हती. मंत्र्यांनी आपण काही पाहिलंच नाही असं सांगितलं, आणि ते चिडले आहेत हे त्यावरून सगळ्यांना कळलं. वाहिनीने चौकशी समिती नेमली.

माझी पाळी गुरुवारी सकाळी अकराला होती. निघताना बायको एवढंच म्हणाली की, "अहो, विचारतील तेवढंच सांगा." रिक्षात असताना मास्तरांच्या मुलीचा फोन आला. ती रडत नव्हती, पण आवाज कोरडा पडला होता. तिने डॉक्टरांचा कागद तयार ठेवला होता. बाबा विसरले असं तुम्ही सांगा, ती म्हणाली, म्हणजे ते सोडून देतील, म्हाताऱ्या आजारी माणसाला कोण काय करणार. तिचं बरोबर होतं. तुम्ही दिलेल्या शब्दातून मी तुम्हाला आता मोकळं करते, असंही ती म्हणाली. मी ठीक आहे म्हटलं आणि मला फार हलकं वाटलं. खरंही बोलायचं, कुणाचं नुकसानही नाही, असा योग माझ्या आयुष्यात क्वचित येतो.

समितीच्या खोलीबाहेर बाकावर मास्तर बसलेले होते. त्यांनाही बोलावलं होतं. इस्त्रीचा सदरा, गुडघ्यांवर दोन्ही हात. मला बघून त्यांनी जागा करून दिली. त्या दिवशी त्यांचं डोकं अगदी साफ होतं, असे दिवसही असायचे. काचेपलीकडे समितीचे तिघे पाणी पीत होते. मास्तरांनी सदऱ्याची बाही सरळ केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही आत काय सांगणार आहात ते मला ठाऊक आहे. मुलीने सांगितलं."

मी म्हटलं, ते तुमच्याच भल्याचं आहे.

"विसरलो म्हणालात तर मला परत कुणी बोलावणार नाही," मास्तर म्हणाले. "मुद्दाम केलं म्हणालात तरी बोलावणार नाहीत. पण मग न बोलावण्याचं कारण तरी चांगलं असेल."

माझं नाव पुकारलं गेलं. मी आत गेलो. तीन माणसं, तीन पाण्याचे पेले, आणि एका कडेला आशयवाले, लिहून घ्यायला. समितीच्या अध्यक्षांनी मला माझं काम, अनुभव, मसुद्यांची संख्या विचारली. सहाही स्वेच्छा-बदल पत्रकांवरच्या सह्या माझ्याच आहेत का, असं विचारलं. आहेत. मग विचारलं, "मास्तरांनी हे चुकून केलं की जाणूनबुजून?"

मी म्हटलं, "जाणूनबुजून."

आशयवाल्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रंगपटाच्या दाराशी मास्तरांनी मला टॉवेलबद्दल विचारलं तेव्हा ते दोन पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं होतं हे मला माहीत होतं. त्यांनी माझं उत्तर लिहून घेतलं.

इथपर्यंत मी बरा होतो. मग अध्यक्षांनी विचारलं, ते असं करणार आहेत याची तुम्हाला आधी कल्पना होती का. ती नव्हतीच, मास्तरांनाही नव्हती. पण त्या खुर्चीत बसल्यावर मला कळलं की इथे 'होती' म्हणणं हेच शोभलं असतं. एकदा खोटं बोललोच होतो, आणखी एक शब्द पुढे जायचं होतं. मला घराचे हप्ते आठवले, मुलाचं कॉलेज आठवलं, बायकोचं वाक्य आठवलं. मी म्हटलं, "नाही."

खरं बोलून इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

मास्तरांवर कायमची बंदी आली. कात्री उचलणाऱ्या नटाला ताकीद मिळाली. कार्यक्रम आणखी तीन भाग चालला आणि मग तो बंद होतो आहे हेही न सांगता बंद झाला. बाई दुसऱ्या वाहिनीत गेल्या. मला घर कसं सजवावं यावरच्या कार्यक्रमाचं लेखन दिलं. त्यात मी 'पडदे हे खिडकीचं सौंदर्य असतं' अशा प्रकारची वाक्यं लिहितो. ती आजवर एकही बदलावी लागलेली नाही. आशयवाल्यांची बदली झाली. कुठे झाली ते कुणाला ठाऊक नाही. जाताना ते माझ्या टेबलापाशी आले आणि पहिल्यांदाच काही न बोलता गेले.

मास्तरांकडे जायचं मी टाळत होतो. पाच-सहा महिन्यांनी एका रविवारी सकाळी गेलो. मुलीने दार उघडलं. या वेळी तिने माझ्या हाताकडे पाहिलं नाही, नुसतं बाजूला होऊन आत घेतलं. भिंतींवर कागद निघाल्याचे चौकोन तसेच होते. मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. बारीक झाले होते, पण चेहरा टवटवीत होता. मला बघून त्यांनी मनापासून नमस्कार केला आणि बसायला सांगितलं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मुलगी म्हणाली की रोज कुणी ना कुणी येतं, नाटकवाले येतात, शेजारचे येतात, आणि ते सगळ्यांना त्या दिवसाची हकिगत सांगतात. बाकी फारसं काही उरलेलं नाही, पण ती हकिगत आहे.

मग ती त्यांनी मला सांगितली. सकाळीच ठरवलं होतं, ते म्हणाले, की आज काय व्हायचं ते होऊ दे. मुलीलाही सांगितलं नाही. टॉवेल गुंडाळून घेतला तो खास काढण्यासाठीच. लोकांना कळलं पाहिजे की काढला. घडी घालायचं तिथेच सुचलं. मग मंत्र्याने निरोप पाठवला, धमक्या आल्या, समितीपुढे उभं केलं तर मी सरळ सांगितलं की होय, केलं, पुन्हा करीन. सांगताना त्यांचे हात असे चालत होते की मला तो मंच दिसायला लागला. मी तिथे होतो, आणि तरीही मला त्यांचं खरं वाटलं.

"आणि लेखक?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

मास्तर हसले. "लेखक चांगला होता. पण घाबरट. कुणीही काही म्हटलं की मान डोलवायचा. रोज नवीन कागद घेऊन यायचा बिचारा."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. मी विचारलं, पुढे त्याचं काय झालं.

मास्तर आठवायला लागले. कपाळावर आठ्या पडल्या, बोटं खुर्चीच्या हातावर कसलीतरी ओळ शोधत फिरली. "ते काही कळलं नाही," शेवटी ते म्हणाले. "त्याला कुणीतरी सांभाळून घ्यायला हवं होतं."

मुलगी चहा घेऊन आली. तिने माझ्यापुढे कप ठेवला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी नव्या माणसाकडे बघावं तसं, आणि विचारलं की तुम्हाला त्या दिवशी काय झालं ते ठाऊक आहे का. मी नाही म्हटलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि जिथे हसायचं तिथे मी हसलो.